चौथा शब्द

माझं नाव शीतल आणि डोकं कायम तापलेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते शांत डोक्याच्या बाईनं केलं नसतं. त्यावरून कुणी मला चार शब्द सुनावले तर मी निमूट ऐकून घेईन. तसंही माझं सगळं काम चार शब्दांचंच होतं.

चला. थांबा. बसा. जा.

बोरटेकच्या आवाज केंद्रात मी हे चार शब्द रेकॉर्ड करायचे. त्याआधी मी नभोवाणीवर होते. बाजारभाव, हवामान, शेतकरी बंधूंसाठी सूचना, असलं वाचायचे. साथ आली, नभोवाणी बंद पडली आणि माझा माइक, हेडफोन आणि मी असे तिघेही सरकारजमा झालो. आजाऱ्यांचे नातेवाईक यायचे, माझ्यासमोर बसायचे आणि आपल्या माणसासाठी हे चार शब्द म्हणायचे. घरात जसं बोलतात अगदी तसं. एक मुख्याध्यापक बायकोसाठी परेडसारखं खणखणीत 'जा' म्हणाले. बाई जागची हलली नाही. मी विचारलं, "सर, घरीसुद्धा असंच बोलायचात का?" ते ओशाळले. मग हळूच म्हणाले, "अगं, जा की आता." बाई लगेच चालू लागली. सर बाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

पहिले तीन शब्द सगळे पटापट म्हणायचे. चौथ्याला अडायचे. अडणारच ना! आपल्यात घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणतो का? 'येतो' म्हणतो. आणि दारात उभं राहिलेलं माणूस त्याला 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणतं, 'या' म्हणतं. पण केंद्रात नेमका हाच शब्द बंद. भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती: 'आजाऱ्यासमोर ये, या हे शब्द उच्चारू नयेत.' दिवसातून पन्नास वेळा मी ती पाटी लोकांना वाचून दाखवायचे.

हे सगळं का, ते थोडक्यात सांगते. डॉक्टर सुपेकर मॅडमनी मला जसं समजावलं तसंच.

विसरभोळेपणावर नाकात मारायचा एक फवारा निघाला होता. त्यात एक पाळीव विषाणू होता. वासाच्या नसेतून तो मेंदूत चढायचा आणि तिथल्या पेशींना नवे धागे फोडायला लावायचा. म्हाताऱ्यांना नातवंडांची नावं पुन्हा आठवू लागली. लोकांनी फवारा डोक्यावर घेतला. तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी सर्दीत हा विषाणू सर्दीच्या विषाणूत मिसळला आणि खोकल्यातून पसरायला शिकला. आता धागे फुटायचे थांबेनात. मेंदूचा पुढचा भाग, जिथे आपण ठरवतो, आणि मधला भाग, जिथे नवं साठवतो, दोन्हींत नुसता गुंता झाला. मात्र अगदी आतला भाग शाबूत राहिला. तिथे सवयी असतात. त्यामुळे माणूस चालतो, जेवतो, चादरीची घडी घालतो, पण घडी कोण घालतंय ते त्याला माहीत नसतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. सुरुवातीला तीन दिवस ताप असतो. त्या तापात मेंदू भिजवलेल्या कणकेसारखा मऊ असतो. तेव्हा जो आवाज सतत कानावर पडतो, त्याचा ठसा बसतो. नंतर जगात तेवढा एकच आवाज त्या माणसाला कळतो. त्या आवाजानं शेवटचं जे सांगितलं ते तो करत राहतो, दुसरं सांगेपर्यंत. रेकॉर्डिंगही चालतं, पण समोरून, सदेह आलेला शब्द रेकॉर्डिंगवर मात करतो. 'थांबा' पाव तास टिकतो. 'चला' तेव्हाच चालतो, जेव्हा म्हणणारा स्वतः पुढे चालतो. 'जा' सगळ्यात पक्का.

टीव्हीवाले त्यांना झोंबी म्हणायचे. आईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, "झोंबायला ती काय मिरची आहेत? आजारी माणसं ती." सिनेमातल्यासारखं ते कुणाला चावत नाहीत. दहाव्या दिवसापासून खोकतात, बस्स. पण त्या खोकल्यानं शेजारचं गाव तीन आठवड्यांत ओस पडलं होतं. म्हणून दहा दिवसांच्या आत आजाऱ्याला बंद सूतगिरणीत नेऊन सोडायचं, असा नियम होता. भिंत उंच, आत पाणी, वरून अन्न सोडायची सोय. एकदा आत गेलेलं कुणी बाहेर येत नसे.

* * *

शुक्रवारी दुपारी मी भाजी घेऊन माहेरी गेले तर दाराला आतून साखळी. धाकटा भाऊ हेमंत फटीतून म्हणाला, "आई झोपलीय. नंतर बघू."

"हेमंत, दार उघड. नाहीतर इथेच बोंब ठोकते."

त्यानं उघडलं. आत पलंगावर अण्णा बसले होते, माझे वडील. रेल्वेचे गेटमन. चौतीस वर्षं त्यांनी गेट नंबर एकोणचाळीस उघडलं आणि लावलं. गेटच्या जागी भुयारी रस्ता झाल्यावर निवृत्त झाले आणि त्या जागेला लागूनच घर बांधून राहिले. त्यांच्या हातात झेंडीची जुनी काठी होती आणि तिच्यावर ते पंचा गुंडाळत होते. गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. झेंडी गुंडाळतात तसा. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

आई शेजारी वाटी घेऊन बसली होती. "अहो, तोंड उघडा," ती म्हणाली. त्यांनी उघडलं.

मी भाजीची पिशवी खाली टाकली. "किती दिवस झाले?"

"आज सहावा," आई म्हणाली. "तीन दिवस ताप होता. मी हलले नाही जवळून."

"आणि मला कळवलं नाहीत? मला? मी त्याच केंद्रात बसते ना रोज!"

"म्हणूनच नाही कळवलं," हेमंत म्हणाला. "तू काय, लोकांची माणसं रोज पाठवतेस. सवय झालीय तुला."

मी त्याच्या कानफटात मारली. चाळीस वर्षांच्या भावाच्या. तो गाल धरून उभा राहिला आणि मला वाटलं आता उलट मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"भांडू नका रे," आई म्हणाली. "त्यांना भांडण सहन होत नाही." अण्णा पंचा गुंडाळत होते.

हेमंतचं म्हणणं होतं की अण्णांना मागच्या खोलीत ठेवू, मास्क लावू, कुणाला कळतंय. मी म्हटलं, दहाव्या दिवशी खोकले की आधी आई जाईल, मग तू, मग सगळी गल्ली. दोन दिवस आम्ही भांडलो. हेमंत माझ्याशी बोलेनासा झाला. शेवटी आईच म्हणाली, "शीतल म्हणते तसं करू. पोरांची घरं आहेत आजूबाजूला." ते म्हणताना ती अण्णांची नखं कापत होती.

* * *

रविवारी आईला केंद्रात नेलं. आधी फॉर्म भरायचा होता. आजाऱ्याचं नाव, वय, ठसा कुणाचा, व्यवसाय. व्यवसायापुढे मी लिहिलं, 'निवृत्त'. घाई होती, रांग होती, हात चालत होता. तो रकाना कशासाठी आहे हे मला माहीत होतं. हातांना कोणतं काम येतं ते कळावं म्हणून तो होता. दुसऱ्या कुणी नुसतं 'निवृत्त' लिहिलं असतं तर मी फॉर्म परत केला असता.

आई माइकसमोर बसली. "चला." छान. "थांबा." छान. "बसा." तेही छान.

"आता चौथा."

ती माइकपासून मागे सरकली.

"आई, एकच अक्षर आहे."

"मला माहीत आहे कितीचं आहे ते." तिनं पदर नीट केला. "रुळांवरचं काम होतं त्यांचं. डब्याची पिशवी घेऊन निघायचे, 'येतो' म्हणायचे. मी 'या' म्हणायचे. भांडण झालेलं असलं तरी 'या' म्हणायचे. मला नाही यायचं ते दुसरं."

"शास्त्र आहे आई, अपशकून नाही!"

"जाऊ दे शीतल. मला नाही जमणार."

मी चिडले, टेबलावर हात आपटला, बाहेर रांगेतले लोक वाकून बघायला लागले. आई उठून निघून गेली. मी हेडफोन काढायला गेले आणि पाहिलं तर रेकॉर्डिंग चालूच होतं.

'जाऊ दे शीतल.'

पहिलं अक्षर कापून घ्यायला मला दोन मिनिटं लागली. शेपटीला 'ऊ' किंचित चिकटलेला होता, तोही घासून काढला. ऐकलं. माझ्या आईच्या आवाजात, स्वच्छ, 'जा'. एवढं सफाईदार काम मी नभोवाणीवरही कधी केलं नव्हतं. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला, हे खोटं कशाला बोलू?

* * *

नवव्या दिवशी सकाळी आम्ही अण्णांना गिरणीपाशी नेलं. आई पुढे 'चला' म्हणत चालली आणि ते तिच्या मागे. गिरणीत पूर्वी कापसाच्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, थेट रुळांवरून आत जायच्या, म्हणून तिथे रेल्वेनं बसवलेलं दोन पाख्यांचं, दोन झडपांचं फाटक होतं. कडी, साखळी आणि खाली घालायची खिट्टी. मी शिपायाला विचारलं, "कुलूप नाही?"

"कशाला? यांना कडी काढता येत नाही ताई. दीड वर्षात एकानंही काढली नाही."

मी मान डोलावली. बघितलं होतं मी ते फाटक. लहानपणापासून तसलंच फाटक बघत आले होते.

फाटकात अण्णा थांबले, कारण आई थांबली. सुपेकर मॅडमनी मला खूण केली. मी खिशातला छोटा स्पीकर वर धरला आणि बटण दाबलं.

"जा."

अण्णा वळले आणि आत चालू लागले.

आईनं माझ्याकडे बघितलं. आधी तिला कळलं नाही. आपलाच आवाज कुठून आला म्हणून तिनं आजूबाजूला बघितलं. मग माझ्या हाताकडे. "मी कधी म्हटलं हे?"

"कापलं तिनं," हेमंत म्हणाला. "तुझ्या तोंडातून कापून काढलं. शाब्बास गं!"

"आई, घरी गेल्यावर सांगते."

आईनं तोंड फाटकाकडे फिरवलं. फाटकाचे दोन्ही पाखे मिटत आले. अण्णांची पाठ अजून दिसत होती, हातात ती पंचा गुंडाळलेली काठी. आणि आई रोज दारातून म्हणायची तसं, त्याच चालीत म्हणाली, "या हं. सांभाळून."

आपल्या तोंडून गेलं हे तिला स्वतःला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. नंतरही मी कधी विचारलं नाही. मॅडम कागदावर सही करत होत्या. शिपाई खिट्टी घालत होता, हेमंत पाठ फिरवून निघाला होता. ऐकलं फक्त मी. तिथल्या तिथे सांगितलं असतं तर मॅडमनी काहीतरी केलं असतं. पण आधीच मी आईच्या नजरेतून उतरले होते. त्यात अजून तिची चुगली करायची? शिवाय म्हटलं, फाटक तर लागलंय.

* * *

तीन दिवसांनी भर दुपारी भोंगा वाजला.

अण्णांनी गजांतून हात बाहेर घालून खिट्टी उपसली होती, साखळी सोडली होती आणि फाटकाचे दोन्ही पाखे रीतसर उघडून दोन्हीकडच्या खुंट्यांना अडकवले होते. गाडी गेल्यावर करतात तसं. तीन दिवस ते फाटकाशी हात फिरवत उभे होते म्हणे, शिपायाला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. मग ते घराकडे निघाले. आजाऱ्यांची एक खोड असते, नेमानं कुणी एका दिशेला चालू लागला की बाकीचे त्याच्या मागे लागतात. दोनशे तीस माणसं जुन्या रुळांवरून खोकत खोकत गावाकडे येत होती आणि सगळ्यात पुढे माझे वडील होते.

आमच्या घरापाशी, जुन्या गेटच्या जागी, पोलिसांनी त्यांना अडवायचं ठरवलं. सहा बंदुका. मागे वीस हजारांचं गाव. मी पोचले तेव्हा आई अंगणात उभी होती आणि हेमंत तिच्यापुढे हात पसरून पोलिसांवर ओरडत होता.

ते तीनशे पावलांवर आले. मॅडमनी आईच्या हातात कर्णा दिला. "आधी थांबवा त्यांना."

"अहो, थांबा," आई म्हणाली.

अण्णा थांबले. मागची रांग त्यांच्या पाठीला येऊन टेकली आणि थांबली.

"पाव तास आहे आपल्याकडे," मॅडम म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या.  "आजी, आता रेकॉर्डिंगचा उपयोग नाही. तुम्ही समोरून काहीतरी बोलला असणार. तेच त्यांच्यात बसलंय. तुम्हालाच सांगावं लागेल. एक शब्द. तो नसेल तर मला पोलिसांना गोळीबार करायला सांगावं लागेल. सगळ्यांवर."

आईनं मान हलवली. नाही.

"आई!" मी ओरडले. "एक शब्द गं! दोनशे तीस माणसं आहेत तिथे, कुणाची आई, कुणाची बायको! एका शब्दासाठी मारणार तू त्यांना?"

"तू तर काढलास ना माझ्या तोंडातून? काय झालं त्यानं?"

"तू 'या' म्हणालीस म्हणून ते आले!"

"आणि फॉर्मवर 'निवृत्त' कुणी लिहिलं?" हेमंत म्हणाला. त्यानं केंद्रात जाऊन फॉर्म बघितला होता. "गेटमन लिहायला हात झडत होता तुझा? कुलूप तरी घातलं असतं त्यांनी."

त्याचं खरं होतं. म्हणून मी अजून जोरात ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. "ते अण्णा नाहीत आई आता! नुसती सवय आहे ती, सवय!" एवढं आठवतं.

आईनं कर्णा खाली ठेवला. "मग आमचा संसार तरी काय होता, शीतल? सवयच होती की." तिनं रुळांकडे बघितलं. "चौतीस वर्षं रोज 'या' म्हटलं आणि माणूस रोज आला. पूर आला त्या दिवशी आला, ताप होता त्या दिवशी आला. आजही बघ, आला. आलेल्या माणसाला जा म्हणू?"

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. पोलीस गुडघ्यावर बसले.

"बरं," आई म्हणाली. "मी जवळ जाऊन बोलते. इथून नको."

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, झाली तयार. मॅडमनी तिला मास्क बांधला. तो अर्धा तास टिकतो, हे त्यांनी तिला दोनदा सांगितलं. तिनं कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "ओट्यावर दूध तापवून ठेवलंय, झाकलेलं नाही. मांजर येईल." मग चपला घातल्या, पदर खोचला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"येते हं," ती म्हणाली.

आणि थांबली. मी काय म्हणायचं असतं ते मला माहीत होतं. सगळ्या जगाला मी त्या शब्दावरून समज देत फिरत होते. पण माझं डोकं तापलेलं होतं, किल्लीही कशाला देतेय, दूध कसलं काढतेय आता, पाच मिनिटं उरलीत. मी म्हटलं, "आई, नाटकं नकोत. लवकर कर."

ती आणखी क्षणभर थांबली, मग गेली.

ती अण्णांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. इतकी जवळ की हेमंत "अगं, लांबून!" म्हणून ओरडला. तिनं त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग ती त्यांना वळसा घालून गर्दीत शिरली, खोकणाऱ्या सगळ्यांना हातानं बाजूला सारत पार पलीकडे गेली, आणि तिथून तिचा आवाज आला. कर्ण्याशिवाय.

"अहो, चला."

अण्णा वळले. सगळे वळले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार किलोमीटर, त्या खोकल्यात, तिच्या पायांनी दीड तास. आणि 'चला' म्हणणाऱ्यानं पुढे चालायचं असतं, अगदी शेवटपर्यंत, आतपर्यंत. मी धावले. मला दोन पोलिसांनी धरलं. मी त्यांना बोचकारलं, शिव्या दिल्या. हेमंत रुळांवर खाली बसला होता आणि तोंडात सदऱ्याचं टोक कोंबून रडत होता.

जीपमधून आम्ही शेजारच्या रस्त्यानं गेलो. आई पुढे चालत होती, सावकाश, मधेच मागे बघून "चला, आलं आलं" म्हणत होती. अर्ध्या वाटेवर तिनं मास्क काढून टाकला. भिजला असेल, श्वास लागत असेल. गिरणीपाशी ती न थांबता आत शिरली. अण्णा आत गेले. एकेक करत दोनशे तीस माणसं आत गेली. फाटक मात्र सताड उघडं, आणि तिथे पाऊल टाकायची कुणाची हिंमत नव्हती.

आतून आईचा आवाज आला. लहानपणी सुटीत आम्ही गेटवर जायचो तेव्हा खोपटातला फोन वाजला की यायचा, तोच आवाज. "अहो, गाडी आली. गेट लावा."

अण्णा झपझप आले. त्यांनी पाखे खुंट्यांवरून सोडवले, ओढले, साखळी अडकवली, गजांतून हात घालून खिट्टी बसवली. मग काठीचा पंचा सोडून ती सरळ समोर धरली आणि येणाऱ्या गाडीसाठी उभे राहिले. आई त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

त्यांनी ते फाटक परत उघडलं नाही. उघडणार कशाला? ज्या घरी यायचं होतं ते घर आत आलं होतं.

* * *

सहाव्या दिवशी आईला ताप भरला.

मी फाटकापासून वीस पावलांवर खुर्ची टाकून बसले, हातात कर्णा घेऊन. तीन दिवस. हेमंत जेवण आणून द्यायचा, पाणी द्यायचा. आम्ही अजून धड बोलत नव्हतो, पण डब्यात तो माझ्या आवडीची मेथी आणायचा. आई गजांच्या आत सावलीत पडून होती. तिला एकटीला गुंता होऊ द्यायचा नाही, कुठलातरी आवाज तिच्यापाशी राहायला हवा, असं माझ्या मनानं घेतलं होतं. मी बोलत सुटले. बाजारभाव सांगितले, हवामान सांगितलं. दूध मांजरानं खरंच प्यायलं हे सांगितलं. 'जा' कसा कापला तेही सांगितलं. माफ कर म्हटलं, किती वेळा ते मोजलं नाही. पहिल्या दिवशी ती मधूनमधून हात हलवायची. दुसऱ्या दिवशी एकदा 'शीतल' म्हणाली. तिसऱ्या दिवशी नुसती बघत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला ते म्हणायचंच होतं. राहून गेलेलं. मी कर्णा तोंडाशी नेला आणि मागून सुपेकर मॅडमचा हात माझ्या खांद्यावर आला.

"शीतल, बाकी काहीही बोला. तेवढा एक शब्द नको. तुमचा ठसा बसतोय. तुम्ही बोलावलंत तर त्या फाटकाशी येतील, आणि तुमचे वडील त्यांना वाट करून देतील. आता मोठं कुलूप आहे. पण मग त्या गजांना डोकं आपटत राहतील. थांबणार नाहीत."

मी कर्णा खाली घेतला.

आता पाच महिने झाले. मी रोज चार वाजता स्कूटरवरून जाते. आई आणि अण्णा फाटकाशेजारच्या कट्ट्यावर असतात. मी म्हटलं, "आई, बस," की ती बसते. "आई, जेव," की जेवते. माझं सगळं ऐकते. आयुष्यभर कधी ऐकलं नाही आणि आता सगळं ऐकते. एखाद दिवशी हेमंतही येतो, माझ्याजवळ दुसरी खुर्ची टाकून बसतो. त्या चार शब्दांचं रेकॉर्डिंग मी सोडून दिलं. मुख्याध्यापक सर ते काम करतात, चांगलं करतात म्हणे.

पाच वाजले की मी उठते, हेल्मेट घालते आणि म्हणते, "आई, येते हं."

ती माझ्याकडे बघते. मी जरा वेळ थांबते. मग स्कूटर चालू करते.